मूळव्याध: घरी काय करायचं, कसं करायचं आणि डॉक्टर कधी गाठायचा

मूळव्याधीवर काय करू असं कुणाला विचारलं, तर डझनभर तरी उपाय मिळतात. त्यातला खरं काम करणारा एकच: मळ मऊ ठेवायचा आणि संडासात कुंथत बसण्याचा वेळ कमी करायचा. शेक, बर्फ, मलम हे त्रास सुसह्य करण्यापुरते. ते हवेतच, पण त्यांनी मूळ कारण जागचं हलत नाही.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. वारा आणि पातळ मळ थोपवून धरायला त्यांची मदत होते. खडा झालेला मळ, कुंथणं, संडासात लांबलेली बैठक, गरोदरपण यांमुळे त्यांच्यावरचा दाब वाढतो, त्या फुगतात, आणि त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडले की खाली सरकतात. आतल्या बाजूच्या फुगल्या तर शौचाच्या वेळी लालभडक रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही. कडेच्या कातडीखालच्या फुगल्या तर गाठ हाताला लागते, बसताना टोचते.

आतल्या मोडांच्या, म्हणजे आतल्या फुगलेल्या गाद्यांच्या, चार पायऱ्या धरतात. पहिलीत फक्त रक्त. दुसरीत मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही आत राहत नाही. घरच्या उपायांचा पुरेपूर फायदा पहिल्या दोन पायऱ्यांत होतो, तिसरीत अर्धामुर्धा. चौथीत त्रास थोडा हलका होतो, एवढंच. तो मोड तुपाने, ताकाने वा कुठल्या पुडीने विरघळत नाही.

आणि मूळव्याधीचा भडका बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत आपणहून निवतो. पाचव्या-सहाव्या दिवशी जो उपाय चालू असेल, श्रेय त्याच्या पदरात पडतं. ‘आमच्या भावजींना एका पुडीत उतार पडला’ ही गोष्ट खोटी नसते, तिच्यातला हिशेब चुकलेला असतो.

आधी ही मूळव्याधच आहे ना?

गुदद्वाराशी काहीही झालं की आपल्याकडे त्याला सरसकट मूळव्याध म्हणून मोकळे होतात. पण शौच होताना जीवघेणी कळ आणि नंतर अर्धा तास ते दोन-चार तास जळजळ असेल, तर ती बहुधा फिशर, म्हणजे भेग असते. तिच्यात रक्त थोडं जातं, मळाच्या एका बाजूला रेघ उमटते. जुन्या भेगेच्या बाहेरच्या टोकाशी कातडीचा छोटा लोंबता तुकडा तयार होतो आणि लोक त्यालाच मोड समजून वर्षानुवर्षं मूळव्याधीची मलमं लावत बसतात. गुदद्वाराजवळ बारीकसं तोंड पडून त्यातून पू किंवा चिकट पाणी येत असेल, फोड येऊन फुटत असेल, तर तो भगंदर. तो घरच्या उपायांनी बरा होत नाही. सर्जन किंवा क्षारसूत्राचं (औषध लावलेल्या दोऱ्याने भगंदरावर उपचार करण्याच्या आयुर्वेदिक पद्धतीचं) रीतसर शिक्षण घेतलेला वैद्य यांच्याकडेच जायचं.

रक्त पडण्याबाबत सवलत नको. पहिल्यांदाच रक्त पडलं असेल तर एकदा तपासून घ्या, मग खुशाल घरचे उपाय करा. चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त काळ बदललेली असेल, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं सतत वाटत असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त मळात मिसळलेलं असेल, तर इसबगोल घेऊन वाट बघण्यात अर्थ नाही. मळ डांबरासारखा काळा, चिकट असेल तर रक्त वरून, जठराकडून येतंय असं समजून त्याच दिवशी दाखवायचं. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळपट होतो, पण तो असा चिकट आणि उग्र वासाचा नसतो.

थेट इस्पितळात जायची वेळ: रक्त थांबत नाही, भोवळ येते, मोड बाहेर अडकून काळानिळा पडलाय, किंवा गुदद्वाराशी ठणका आणि ताप दोन्ही आहेत. मधुमेह्यांनी या शेवटच्या बाबतीत रात्र जाऊ देऊ नये, तिथला पू झपाट्याने पसरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थोड्या रक्तासाठीही डॉक्टरांना फोन करा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

इसबगोल: घ्यायची रीत

घरच्या उपायांत सर्वात भरवशाचा हाच. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो, मळ मऊ आणि भरीव होतो, कुंथावं लागत नाही. मूळव्याधीत तंतू, म्हणजे फायबर, नेमाने घेणाऱ्यांचं रक्त जाणं निम्म्याच्या आसपास कमी होतं, हे चाचण्यांमधून दिसलेलं आहे. फक्त ते चार दिवसांत होत नाही. मळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, पण रक्त थांबायला महिना ते दीड महिना नेटाने घ्यावा लागतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: आठवडाभर घेतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून डबा फडताळात ढकलतात.

पहिले तीन-चार दिवस रात्रीच्या जेवणानंतर चहाचा एक चमचा. पुढचे तीन-चार दिवस दोन चमचे. मग रात्री एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. एवढ्याने भागलं नाही तर सकाळीही तेवढाच. एकदम मोठ्या मात्रेने सुरुवात केली की पोट फुगतं, गुडगुडतं, आणि माणूस इसबगोलाच्या नावाने बोटं मोडतो.

मोठ्या पेल्यात २५० मिलिलिटर पाणी घ्या, साधं किंवा कोमट. भुसा वरून भुरभुरत घाला, ढवळा आणि लगेच प्या. दोन-तीन मिनिटं ठेवलं तरी त्याचा गिळगिळीत लगदा होतो. नंतर अर्धा पेला पाणी आणखी. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे. तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, अर्धा तास तरी जाऊ द्या. ज्यांना गिळायला त्रास होतो, आतडं अरुंद झाल्याचं निदान आहे, किंवा पोट फुगून उलट्या होताहेत, त्यांनी हा घेऊच नये.

पाणी कमी पडलं की इसबगोलच उलटतो आणि मळ आणखी घट्ट करतो. जुलाब लागले की घरोघरी तो दह्यात कालवून देतात. तिथे सुटं पाणी शोषून घेणं हेच त्याचं काम असतं. बद्धकोष्ठासाठी घेताना त्याला शोषायला भरपूर पाणी आपणच द्यायचं. दिवसाचं पाणी दोन ते अडीच लिटर ठेवा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी आखून दिलेलं माप पाळायचं.

इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर इसबगोल रात्रीच ठेवा. संत्र्याच्या स्वादाच्या बऱ्याच पुड्यांत साखर असते, मधुमेह्यांनी साधा भुसा आणावा. स्वस्तही पडतो.

मळ कसा हवा? पिकलेल्या केळ्यासारखा: सलग, मऊ, न कुंथता निघणारा. खडे पडत असतील तर मात्रा किंवा पाणी वाढवा. पातळ आणि चिकट होत असेल तर मात्रा कमी करा. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागणंही मोडांना तितकंच छळतं.

ताटात काय वाढायचं

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम असतात. बाजरी, नाचणी आणि न चाळलेली कणीक ११च्या आसपास. पांढराशुभ्र तांदूळ जेमतेम ३. अख्खे मूग १७, अख्खे हरभरे २५. पेरूत ८ ते ९, पपईत मात्र ३ सुद्धा नाहीत. पोट साफ करण्याबद्दल पपईचा जो दरारा आहे, तो तंतूंच्या हिशेबात पेरूपुढे टिकत नाही. पेरूच्या बियांनी मोड सोलवटतात ही भीती मनातून काढून टाका आणि नीट चावून खा.

आता जोडून बघा. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम पीठ: ११ ग्रॅम. मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ, कोरडे मूग ३० ग्रॅम धरून: ५. मेथीची भाजी: ४. एक मध्यम पेरू: ८. रात्री दोन पातळ पोळ्या: ५. झाले ३३. याउलट सकाळी पोहे, दुपारी आमटी-भात, चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं आणि रात्री पुन्हा भात असा दिवस गेला तर १५ गाठणंही मुश्कील. आणि हो, कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देत असाल, तर जे हवं तेच टाकताय.

उपवासाचे दिवस वेगळ्याने सांभाळायला लागतात. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवसांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी आणि पाण्याऐवजी चहा असा बेत झाला की तिसऱ्या दिवशी खडा ठरलेलाच, आणि जुनी मूळव्याध नेमकी तेव्हाच डोकं वर काढते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, सालासकट उकडलेली रताळी, रात्री भिजत घातलेली दोन-तीन सुकी अंजिरं, फळं आणि ताक. इसबगोल उपवासाला चालवायचा की नाही, हे घरचं घरी ठरवा. चालत असेल तर त्या दिवसांत सोडू नका.

ताक आणि सुरण यांना आयुर्वेदाने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, मोठा मान दिला आहे. ताकात तंतू नसतात, पण दोन वेळच्या जेवणाबरोबर पेला-पेला पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट घालून, म्हणजे अर्धा लिटर पाणी सहज पोटात जातं. मीठ जपून. सुरण चांगलाच, पण कच्चट राहिला तर घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. हाताला तेल लावून साल काढा, फोडी करा, चिंच किंवा तीन-चार आमसुलं घातलेल्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकडा, ते पाणी ओतून द्या आणि मग फोडणीला टाका. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी सुरणाच्या फार मागे लागू नये.

तिखटाने मूळव्याध होत नाही. भेग असेल तर मात्र तिखट जाताना आग होते, तेव्हा भडक्यापुरतं ठेचा-मिसळीपासून लांब राहिलेलं बरं. ‘उष्ण’ म्हणून बाजरी, तूर, वांगं सगळंच बंद करणारे शेवटी मऊभात-वरणावर येतात आणि तंतू आणखी घटतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मांसाहाराचंही तेच: मटणाने काही बिघडत नाही, ताटात मटण-भाताशिवाय दुसरं काही नसलं की बिघडतं.

संडासातल्या पाच मिनिटांत

शौचाची कळ आली की जायचं. दाबून ठेवलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि तो खडा होतो. खाल्ल्यावर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून सकाळी कोमट पाणी किंवा चहा आणि नाश्ता, त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी जाऊन बसणं ही साधलेली वेळ. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. मोबाइल बाहेर ठेवायचा, आणि वर्तमानपत्रही. कमोडच्या भोकावर बसल्यावर खालून आधार नसतो, गाद्यांत रक्त साचत राहतं. कुंथलं नाही तरी नुसतं बसणंच पुरेसं नुकसान करतं.

कमोडवर बसताना पायाखाली १८ ते २३ सेंटीमीटर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल किंवा चौरंग घ्या, गुडघे कंबरेच्या वर येऊ द्या, कोपरं मांड्यांवर टेकून पुढे झुका. यामुळे गुदाशयाचा वाक सरळ होतो. पोट पुढे सोडायचं, श्वास रोखायचा नाही, तोंडाने हलकेच सोडत राहायचा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ही बैठक आयतीच मिळते, पण तिथेही दहा मिनिटं उकिडवं बसणं वाईटच. गुडघे दुखत असतील तर हट्टाने उकिडवं बसू नका.

धुताना जेट स्प्रेचा जोर कमी ठेवा. पूर्ण दाबाचा फवारा थेट मोडावर मारला तर तो दुखावतो. साबण, डेटॉल, सुगंधी ओले कागद नकोत; त्यांनी कातडी कोरडी पडते आणि खाज वाढते. साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती फडक्याने टिपून घ्या. चोळू नका.

कोमट पाण्यात बसणं

याला डॉक्टर सिट्झ बाथ म्हणतात, निसर्गोपचारवाले कटिस्नान. दुखणं आणि आवळून आलेले स्नायू सैल पडण्यासाठी हा उत्तम उपाय, विशेषतः शौचाला जाऊन आल्यावर लगेच. मोडाचा आकार याने फारसा बदलत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

बूड मावेल असा रुंद प्लास्टिकचा टब घ्या आणि तो यासाठीच वेगळा ठेवा. कमोडवर बसणारी खास उथळ भांडीही मेडिकलच्या दुकानात मिळतात. ज्यांना जमिनीवर बसून उठता येत नाही त्यांना तीच बरी. पाणी आठ-दहा सेंटीमीटर, गुदद्वार नीट बुडेल इतकं. ऊब ४० अंशांच्या आसपास, म्हणजे कोपर बुडवलं तर सुखद वाटावं, चटका बसू नये. मधुमेहात तिथली संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा पाणी दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा. दहा ते पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. मीठ, तुरटी, कडुनिंबाचा पाला, पोटॅशियम परमँगनेट यांतलं काहीही घालायची गरज नाही. काम ऊब करते. पोटॅशियम परमँगनेटचे न विरघळलेले खडे तर कातडी भाजतात. वयस्कर माणसं पाण्यातून उठताना चक्कर येऊन पडतात, म्हणून हाताशी आधार हवा आणि बाथरूमची कडी आतून लावलेली नको.

अचानक आलेली निळी गाठ, बाहेर आलेला मोड

जोर लावून कुंथल्यावर किंवा जड पोतं उचलल्यावर कडेला एकाएकी टणक, निळसर, अतिशय दुखरी गाठ येते. आत रक्त गोठलेलं असतं. दुखणं पहिले दोन-तीन दिवस चढतं, मग उतरतं. गाठ जिरायला काही आठवडे लागतात आणि मागे कातडीची छोटीशी लोळी उरते. पहिले दोन दिवस बर्फ: पातळ फडक्यात गुंडाळून, एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर तिथली कातडी मरते. त्यानंतर कोमट पाण्याचं बसणं. दुखणं असह्य असेल तर सुरुवातीच्या ७२ तासांत सर्जनकडे जा, तेवढ्या मुदतीत जागा बधिर करून गाठ काढण्याचा खरा फायदा होतो. घरी सुई मारून फोडायची नाही. रक्त थांबत नाही आणि पू होतो.

तिसऱ्या पायरीचा मोड शौचानंतर बाहेर राहिला तर तसाच घेऊन हिंडू नका. हात धुवा, नख कापलेलं असू द्या. मोड साध्या पाण्याने धुऊन त्यावर व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, तोंडाने श्वास सोडत बोटाच्या पेराने हलका दाब एक-दोन मिनिटं धरून ठेवा. झटका द्यायचा नाही. सुजून आत जात नसेल तर दहा मिनिटं फडक्यातला बर्फ धरून पुन्हा एकदा बघा. तरी जात नसेल तर जबरदस्ती न करता डॉक्टरांकडे.

काय लावायचं, काय नाही

व्हॅसलिन, साजूक तूप किंवा खोबरेल यांतलं काहीही शौचाला जाण्यापूर्वी बोटभर लावलं तर मळ सुळकन जातो आणि घासलं जात नाही. जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं मलम हरभऱ्याएवढं, दिवसातून दोन-तीनदा, पाच-सात दिवस. स्टेरॉइड मिसळलेली मलमं सात दिवसांपुढे नकोत, कातडी पातळ होते. मेडिकलवाल्याकडून मागून घेताना नळीवर घटक वाचा. कोरफड लावायची असेल तर पान कापून पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, गर धुऊन घ्या, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तो चीक राहिला तर आग होते.

बिब्बा लावणं मात्र पूर्ण वर्ज्य. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात, तिथली कातडी जळते आणि भरताना द्वार अरुंद होऊ शकतं. चुना, ठेचलेला लसूण, निवडुंगाचा चीक, इंटरनेटवरून आलेलं बिनपाण्याचं व्हिनेगर यांचीही तीच गत. एसटी स्टँडबाहेरच्या भिंतीवर ‘बिना ऑपरेशन, हमखास’ असं रंगवलेल्या पाट्यांखाली नेमकं काय टोचतात किंवा लावतात हे रुग्णाला कधीच सांगितलं जात नाही, हे एवढंच कारण तिथे न जाण्याला पुरेसं आहे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा आजार असेल तर विचारून. रक्त जात असताना आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्त जाण्याचं प्रमाण वाढतं. बसायला मधे भोक असलेली रबरी गादी सुचवतात. त्या भोकात भाग लोंबतो आणि सूज वाढते. साधी मऊ उशी बरी. रिक्षा चालवणारे, शिवणकाम करणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे यांनी तासाभराने उठून दोन मिनिटं चालायचं.

चूर्णं आणि जुलाब

रात्री कोमट पाण्याबरोबर ३ ते ५ ग्रॅम त्रिफळा बऱ्याच जणांना मानवतं. बाजारातल्या ‘पोट साफ’ करणाऱ्या पुष्कळशा चूर्णांत मात्र सोनामुखी असते. ती आतड्याला ढोसून काम करून घेते. अडल्यावेळी एक-दोन रात्री ठीक, रोजची सवय नको. पोटात मुरडा येतो, मळ पातळ होतो, मग पुन्हा कोष्ठ धरतं आणि मात्रा वाढत जाते. एरंडेलाचंही तसंच. इसबगोल आणि आहार दोन आठवडे नीट करूनही भागत नसेल तर डॉक्टर लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगोल देतात, ती मळात पाणी धरून ठेवणारी औषधं आहेत.

चालू औषधांकडेही एकदा बघा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ॲल्युमिनियमची आम्लपित्तावरची औषधं यांनी कोष्ठ धरतं. गरोदरपणात वाढतं पोट आणि लोहाची गोळी अशी दोन्हीकडून कोंडी होते. लोह बंद करायचं नाही. डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून मागायचा, इसबगोल आणि कोमट पाणी चालू ठेवायचं, दुपारी अर्धा तास डाव्या कुशीवर पडायचं. एरंडेल आणि सोनामुखी या काळात मनाने घेऊ नका. कुठलं मलम चालेल हेही प्रसूतितज्ज्ञांनाच विचारा. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात बरेचसे मोड आपोआप ओसरतात.

दवाखान्यात

सहा आठवडे सगळं नीट पाळूनही रक्त जात असेल किंवा मोड रोज ढकलावा लागत असेल, तर पुढचा इलाज सर्जनकडे आहे. लाजेपायी वर्षं काढतात आणि मग हिमोग्लोबिन सहा-सातवर आल्यावर धाप लागते म्हणून येतात. तपासणीत कुशीवर झोपवून बोटाने आणि मग प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीने बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम, अवघडलेपण जास्त, दुखणं कमी. स्त्री डॉक्टर हवी असेल तर वेळ घेतानाच तसं सांगा.

जाताना चार गोष्टी लिहून न्या: रक्त किती दिवसांपासून जातं, ते मळाबरोबर जातं की नंतर थेंब-थेंब की धार, कळ कधी येते आणि किती वेळ राहते, आणि कोणकोणती औषधं, चूर्णं, पुड्या घेऊन झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मोडांवर बाह्यरुग्ण विभागातच रबरी बँड बसवतात. रक्तपुरवठा तुटून मोड आठवडा-दहा दिवसांत गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त जाणं अपेक्षित असतं. एक-दोन दिवस जड वाटतं. पहिल्या-दुसऱ्या पायरीत मोड आकसवणाऱ्या इंजेक्शनचाही पर्याय असतो. बँड असो वा ऑपरेशन, नंतरच्या पहिल्या मळाला कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल तारीख ठरली त्या दिवसापासूनच सुरू करा आणि नंतर किती महिने चालवायचा ते तिथेच विचारून घ्या.